आज्ञापत्रांतील साहुकार-प्रकरण : एक परीक्षण

(१)

शके १६३७, मन्मथनाम संवत्सरीं, म्हणजे इसवी सन १७१५ मध्यें, करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या नांवें रामचंद्र नीलकंठ अमात्य यांस उद्देशून जें आज्ञापत्र निघालें, तें आज इतिहासभक्तांस अपरिचित नाहीं. त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या आहेत; १९२९ मध्यें प्रो. पुणतांबेकर यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. आणि मराठी राजनीतीवर लिहूं पाहणारा प्रत्येक जण त्याचा आधार घेतोच. लेखाचें बाह्य स्वरूप राजानें अमात्यांस केलेल्या आज्ञेचें असलें, तरी त्यांतील विचार खुद्द अमात्यांचेच, अशी परंपरा आहे. तिला अनुसरून आम्हीही प्रस्तुत लेखांत अमात्यांसच ग्रंथकार म्हटलें आहे.

या ग्रंथाच्या नऊ प्रकरणांपैकीं पांचवें साहुकारांचें आहे. त्याचा पूर्वार्ध साहुकारांच्या महत्त्वाविषयीं व उत्तरार्ध टोपीकरांविषयीं. पैकीं उत्तरार्ध फार गाजला. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासिस इत्यादि टोपीकर हे इतर साहुकारांसारखे केवळ साहुकार नव्हत, त्यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांस समुद्रकिनारीं पक्की जागा देऊं नये, हा त्यांतील उपदेश पुढील शतकाचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकास थक्क करतो. त्यामुळें प्रस्तावनांतून व व्याख्यानांतून त्यास भविष्यवाणीची पदवी मिळाली आहे.

आमच्या मतें या स्तुतीनें ग्रंथकारास न्याय मिळत नाहीं. एखाद्या वचनास भविष्यवाणी म्हटलें, कीं त्याची परीक्षा करण्याचें कारण उरत नाहीं. तें कोणत्या अनुभवावर उभारलें, कोठें अपुरें पडलें, आणि ज्या राज्याकरितां तें लिहिलें त्या राज्यानें तें पाळलें काय, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाहीं. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं टोपीकरांविषयींचा इशारा हें या धोरणाचें अर्धेंच अंग होय. दुसरें अर्ध नवव्या, म्हणजे आरमाराच्या, प्रकरणांत आहे. आणि करवीर राज्याचा समुद्रकिनारा गेला तो पहिलें विसरल्यामुळें जितका, त्याहून अधिक दुसरें न पाळल्यामुळें गेला.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करूं. आज ‘सावकार’ म्हटलें कीं व्याजबट्टा करणारा, कुळाचें शेत गिळणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. अमात्यांचा साहुकार तो नव्हे. ‘साधु’ शब्दाचें प्राकृत रूप ‘साहु’. आणि संस्कृतांत साधु म्हणजे सज्जन तसाच वाणीही. सत्यनारायणाच्या कथेंतील साधुवाणी घरोघर ठाऊक आहे. देशोदेशींचा माल आणणारा, मोठ्या रकमेची उलाढाल करणारा, ज्याची हुंडी परगांवीं पटते, तो साहुकार. हा अर्थ ध्यानांत ठेविला नाहीं तर राज्याची शोभा साहुकारांमुळें आहे, हें अमात्यांचें म्हणणें आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल.

अमात्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें आहे. साहुकारांच्या योगानें देश आबाद होतो, न मिळणाऱ्या वस्तु मिळतात, राज्यास संकट पडलें असतां कर्ज उभें राहतें. यास्तव त्यांस उपद्रव होऊं देऊं नये. पेठा वसवून त्यांस दुकानांवखारींस जागा द्याव्या. उत्सवप्रसंगीं बोलावून त्यांचा सन्मान करावा. परमुलखींच्या साहुकारांसही कौल देऊन आणावें.

यांतील स्वभाव कळण्यास कौटिल्याची तुलना उपयोगी पडते. अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ मध्यें आली व ग्रंथ १९०९ मध्यें छापला गेला. तो अमात्यांपुढें होता असें मानण्यास आधार नाहीं. म्हणून ही तुलना ऋण दाखविण्याकरितां नव्हे, दृष्टिभेद दाखविण्याकरितां आहे. कौटिल्यानें व्यापाऱ्यांचे नियम ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणांत घातले आहेत. तेथील प्रकरणाचें नांव ‘वैदेहकरक्षण’. हा समास षष्ठीनें सोडविला तर व्यापाऱ्यांचें रक्षण असा अर्थ होईल; परंतु आंतील मजकूर पाहतां पंचमीच घेणें प्राप्त आहे, म्हणजे व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण. खोटीं वजनें, भेसळ, संगनमतानें भाव चढविणें यांस तेथें दंड सांगितले आहेत, आणि नफ्याची मर्यादा स्वदेशी मालास शेंकडा पांच व परदेशी मालास शेंकडा दहा अशी बांधून दिली आहे. तोच कौटिल्य परदेशी माल आणणाऱ्यास सवलत द्यावी असेंही सांगतो. पण त्याची नजर संशयाची आहे. अमात्यांची नजर आदराची आहे. कौटिल्याचा राजा व्यापाऱ्यावर पहारा ठेवतो. अमात्यांचा राजा त्यास घरीं बोलावतो.

या आदराचें कारण कालांत आहे. औरंगजेबाशीं चाललेल्या दीर्घ युद्धांत मुलूख उजाड झाला होता. जिंजीहून राज्य चालत असतां इकडील सर्व भार अमात्यांवरच होता. आणि १७१४ मध्यें पन्हाळ्यास ताराबाईंचा अधिकार जाऊन संभाजी महाराज गादीवर आले, त्यास वर्षदीड वर्षच लोटलें होतें. ज्या राज्यास पैसा कोठून आणावा ही रोजची विवंचना, त्याच्या कारभाऱ्यास व्यापारी पळून न जाईल याचीच काळजी अधिक असणार. अमात्यांच्या घराण्याचें बावडें तर घाटमाथ्यावर. कोंकणांतून देशावर चढणारा माल त्यांच्या डोळ्यांदेखत वाहिला जात होता. तेव्हां हें प्रकरण एखाद्या पोथींतून उतरलेलें नसून वाट पाहून लिहिलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

(३)

आतां उत्तरार्ध. अमात्य म्हणतात त्याचा सारांश असा : टोपीकरांनीं यावें, जावें, व्यापार करावा, कायमची जागा सहसा देऊं नये. द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडाशीं किंवा किनाऱ्यावर देऊं नये, कारण आरमार, तोफा व दारूगोळा हें त्यांचें बळ असून त्याच्या जोरावर ते तेथें किल्ला उभारतील. समुद्रापासून चारआठ कोस आंत, मोठ्या गांवांच्या मध्यें, सखल व गांवाच्या माऱ्यांत असलेली जागा द्यावी. पक्कीं घरें बांधूं देऊं नयेत. नमुना म्हणून राजापुरास फरासिसांची वखार होती तिचा दाखला दिला आहे.

हा दाखला वाचक सहसा ओलांडून जातात. पण सर्व युक्तिवाद त्यांतच आहे. राजापूर हें अर्जुना नदीवर, खाडीच्या आंतल्या टोंकास वसलेलें. मुखाशीं जैतापूर. मोठीं जहाजें खालींच राहत व माल लहान होड्यांतून वर येई. पुढें अणुस्कुऱ्याच्या घाटानें तो देशावर चढे. अशा ठिकाणीं बसलेल्या परक्या व्यापाऱ्याच्या तोफा त्याच्या जहाजावर राहतात आणि तो स्वतः राजाच्या हातांत राहतो.

परंतु याच राजापूरची दुसरीही एक कथा आहे, आणि ती करवीरकरांस विशेष जवळची आहे. १६६० मध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा आपली तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यांत सामील झाला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा करूं लागला. ही वखार किनाऱ्यावर नव्हती. अमात्यांच्या नियमांत बसेल अशाच जागीं होती. मग जागा आंत दिली म्हणजे टोपीकर निरुपद्रवी होतो, हा नियम तेथेंच खोटा पडला असें कोणी म्हणेल.

आम्ही तसें म्हणत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १६६१ मध्यें, शिवाजी महाराजांनीं राजापूर मारलें, वखार खणली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांस कैदेंत घातलें. जागा आंत होती म्हणून हें शक्य झालें. तीच वखार समुद्रांतील एखाद्या खडकावर तटाआड असती तर शक्य झालें नसतें. म्हणजे अमात्यांच्या नियमाचा खरा अर्थ असा कीं, टोपीकर आगळीक करणार नाहीं असा भरंवसा नको, पण केल्यास त्यास शासन करण्याची शक्ति राज्यापाशीं राहिली पाहिजे. १६७४ च्या तहांत याच इंग्रजांस शेंकडा अडीच जकातीवर व्यापाराची मोकळीक मिळाली व राजापूरच्या लुटीची भरपाईही ठरली. शिक्षा झाली, तह झाला, व्यापार चालू राहिला. यांत भविष्यवाणी कांहींच नाहीं. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या अनुभवाची ही स्मृति आहे, आणि म्हणूनच तिचें मोल अधिक आहे.

(४)

ग्रंथ ज्या राज्यासाठीं लिहिला त्या राज्यांत पुढें काय घडलें? १७३१ च्या वारणेच्या तहानें करवीर राज्याची सीमा ठरली; समुद्रावर मालवण व त्यासमोरील सिंधुदुर्ग हें त्याचें मुख्य ठाणें. १७६५ मध्यें मुंबईकर इंग्रजांनीं आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला व त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. जिजाबाईसाहेबांच्या कारकीर्दींत १७६६ मध्यें पैसा भरण्याच्या अटीवर तो परत मिळाला. १७९२ च्या तहानें, १७८५ पासून व्यापाऱ्यांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याचें आणि मालवण व खुद्द कोल्हापूर येथें इंग्रजांस वखारी घालूं देण्याचें करवीर दरबारानें मान्य केलें. १८१२ च्या तहानें तर सिंधुदुर्गासह मालवण कायमचेंच गेलें. पांचव्या प्रकरणांत जें देऊं नये म्हणून बजावलें होतें, तें सत्याहत्तर वर्षांनीं राजधानीच्या दारांत देण्याची पाळी आली.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक आहे आणि तिचें तात्पर्य ‘अमात्यांचा उपदेश विसरले’ असें काढण्यांत येतें. परंतु १७९२ च्या तहाचें कारण काय होतें तें पाहावें. वखारीची परवानगी ही मूळ मागणी नव्हे. मूळ तक्रार व्यापाऱ्यांच्या गलबतांची. मालवणच्या आरमारानें व्यापारी जहाजें धरलीं, हें इंग्रजांच्या स्वारींचें निमित्त. इंग्रजी दप्तर यास चांचेगिरी म्हणतें. तो एका पक्षाचा शब्द आहे, आणि आम्ही तो तसाच स्वीकारीत नाहीं. आपल्या पाण्यांतून जाणाऱ्या जहाजानें आपला कौल घ्यावा, न घेतल्यास तें धरावें, हा हक्क कोंकण किनाऱ्यावर पोर्तुगीजांनींच प्रथम ‘कार्ताझ’ देऊन बसविला होता. इंग्रजही आपलीं दस्तकें देत. जो हक्क एकानें बजावला तर राज्याधिकार आणि दुसऱ्यानें बजावला तर दरोडा, अशी व्याख्या इतिहासानें मान्य करूं नये.

तथापि करवीरचें आचरण इंग्रजांच्या नव्हे, अमात्यांच्या मापानें मोजलें तर काय दिसतें? नवव्या प्रकरणांत आरमाराच्या सुभेदारांस अमात्यांनीं सांगितलें आहे कीं कौली जहाजांस काडीमात्र उपद्रव लागूं देऊं नये. आणि कौल नसलेलें परमुलखींचें सावकारी जहाज आलें, तरी त्यास दमदिलासा देऊन बंदरांत आणावें, पाहुणचार करावा, जकात अल्पस्वल्प घ्यावी, थोर सावकार असल्यास हुजुरांतून त्याचा सन्मान व्हावा, कीं पुढें तो आपण होऊन येईल. धरावयाचें तें फक्त शत्रूच्या मुलखाचें जहाज. म्हणजे कौल नसणें हा अमात्यांच्या दृष्टीनें अपराध नव्हे, ती नवा व्यापारी जोडण्याची संधि आहे. मालवणच्या आरमारानें हक्क बजावला असेल. पण अमात्यांनीं हक्काच्या पुढें एक पाऊल टाकून जी युक्ति सांगितली होती ती सोडून दिली. गलबत धरल्यानें त्या वर्षीं माल मिळाला. पण लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यास दाद मागण्यास मुंबईकरांचेंच दार उरलें, आणि टोपीकरास किनाऱ्यावर उतरण्याचें कारण मिळालें.

यावरून पांचवें व नववें हीं प्रकरणें एकत्र वाचल्यावांचून अमात्यांचें व्यापारविषयक धोरण समजत नाहीं. टोपीकरास दूर ठेवावयाचें तर इतर सर्व व्यापाऱ्यांस जवळ केलें पाहिजे. सामान्य साहुकार ज्या राज्यांत निर्भय आहे, तेथें राजबळाचा साहुकार त्याचा कैवारी म्हणून येऊं शकत नाहीं. ही जोड अमात्यांनीं शब्दांनीं स्पष्ट केलेली नाहीं, पण दोन्ही प्रकरणांच्या रचनेंत ती आहे. केवळ उत्तरार्धाचा गजर करणाऱ्यांनीं ती दृष्टीआड केली आहे.

(५)

आतां दोष. पहिला हा कीं प्रकरणांत सन्मान आहे, पण कोष्टक नाहीं. जकात किती, वजनें-मापें कोणाच्या शिक्क्याचीं, दोन साहुकारांचा तंटा कोठें तुटावा, हें तेथें नाहीं. शिवकालांत अशा तपशिलाची जाण नव्हती असें नाहीं. १६७१ मध्यें कुडाळच्या सरसुभेदारांस लिहिलेल्या पत्रांत बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. हेतु हा कीं स्वस्त मिठामुळें संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बसूं नये. तेथें माल, बंदर, भाव व परिणाम यांचा नेमका हिशेब आहे. आज्ञापत्रांत तसा हिशेब नसल्यामुळें साहुकाराची सर्व सुरक्षितता राजाच्या वृत्तीवर टांगलेली राहते. वृत्ति पालटली कीं रक्षण संपलें. मालवणास तेंच झालें.

दुसरा दोष पत्रांविषयींचा. साहुकाराचा व्यापार मालावर जितका तितकाच कागदावर चालतो. हुंडी, बीजक, भावाची बातमी वेळेवर पोंचली नाहीं तर पेठ आणि वखार व्यर्थ. राज्याचे जासूद राज्याचीं पत्रें नेत. साहुकार आपले कासीद स्वतः ठेवीत. या व्यवस्थेस राज्यानें कोणतें संरक्षण द्यावें, याविषयीं साहुकार-प्रकरण मौन धारण करतें. पुढें हें क्षेत्र कोणी व्यापलें तें पाहण्यासारखें आहे. ज्या कंपनीनें १८३३ च्या सनदेनें आपला व्यापार सोडला, तिनेंच १८३७ च्या सतराव्या कायद्यानें आपल्या मुलखांत मोलानें पत्रें नेण्याचा मक्ता सर्वस्वी आपल्याकडे घेतला. १८५४ मध्यें पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग अंतर कितीही असो, असा एकच दर झाला. व्यापाऱ्यांची सोय झाली हें निर्विवाद; पण त्यांच्या बातमीची वाटही सरकारच्या हातीं गेली. हा मक्ता १८९८ च्या कायद्याच्या चौथ्या कलमांत कायम राहिला आणि २०२३ च्या नव्या कायद्यानें, तो १८ जून २०२४ पासून अमलांत आल्यावर, संपला. टोपीकर हा व्यापारी नव्हे, राजा आहे, या अमात्यांच्या निदानाचा सर्वांत नीट पुरावा किल्ल्यांइतकाच या कोष्टकांत सांपडतो. सन्मान करावयास अमात्यांनीं शिकविलें. दर बांधून देण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें.

पूर्वार्धांतील पेठ वसविण्याची नीति मात्र करवीरांत फळास आली, ती बऱ्याच उशिरां. १८९१ मध्यें मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली; १८९५ मध्यें शाहू छत्रपतींनीं स्टेशनाजवळ शाहूपुरी वसविली व ती गुळाची पेठ म्हणून नांवारूपास आली; पुढें जयसिंगपूरही त्यांनींच वसविलें. बंदर गेल्यावर घाटावरच्या राज्यास जें करतां येण्यासारखें होतें, तें त्यांनीं केलें.

(६)

वरील विवेचनांत एक बाजू पूर्णपणें मुकी आहे. आज्ञापत्र हा राज्याचा आवाज. मुंबईचें दप्तर हा कंपनीचा आवाज. ज्या साहुकाराविषयीं दोघेही बोलतात, त्याचें स्वतःचें म्हणणें कोठें आहे? कोणाचें गलबत धरलें, त्यावर माल काय होता, कौल कोणाचा होता, भरपाई त्याच्या हातीं पडली कीं मधल्यामध्यें जिरली, याचा निकाल त्याच्या वह्यांवांचून लागणार नाहीं. आणि याच वह्यांची आपण सर्वांत अधिक हेळसांड केली आहे.

राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला, तेव्हांपासून सरदारांचीं दप्तरें पवित्र झालीं. मिरजेस खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनी कागदांवर आयुष्य वेंचलें. परंतु त्या पुण्याईचा वांटा साहुकारांच्या दप्तरांस मिळाला नाहीं. संग्राहकाच्या हातीं रुमाल आला कीं तो शिक्कामोर्तबाचें पत्र शोधतो. रोजकीर्द व खतावणी रद्दींत जातात. हुंडीचा कागद सुंदर अक्षराकरितां ठेवतात, पण तिची पैठ, परपैठ व पटलेला खोका एकत्र राहिले तरच ती कोठून कोठें किती दिवसांत गेली हें कळतें, याचा विचार होत नाहीं. टपालाच्या तिकिटांचे शोकी तर तिकीट कापून घेतात आणि पाकीट टाकून देतात; म्हणजे किंमत ठेवली आणि वाट फेंकून दिली.

यास्तव आमची सूचना अशी आहे. मालवण, राजापूर, खारेपाटण, मलकापूर, बावडें, कोल्हापूर या वाटेवरील जुन्या व्यापारी घराण्यांकडे मोडी वह्या असतील, त्यांची निदान यादी तरी व्हावी. रुमाल फोडूं नये. कोणत्या घरांतून, कोणत्या क्रमानें आला तें वर लिहून ठेवावें. कौल, दस्तक, जकातीची पावती, हुंडी व बीजक हीं पत्रें राजपत्रांच्याच मानानें नोंदवावीं. वाचण्यास माणूस नसल्यास तशींच जपावीं, पण विकूं नयेत. १७६५ ते १८१२ या काळांतील मालवणची एक सलग रोजकीर्द हातीं आली, तर आज्ञापत्राच्या पांचव्या व नवव्या प्रकरणांवर आजवर झालेल्या सर्व चर्चेहून अधिक प्रकाश पडेल. आणि अमात्यांचा उपदेश करवीरांत कोठवर चालला, हें मग आम्हां टीकाकारांच्या तर्कावर अवलंबून राहणार नाहीं.